धुरातलं बी

होळी जळून गेली की माझे तळहात खाजायला लागतात. शेजारच्या काकू म्हणतात, पैसा येणार. इतकी वर्षं खाजतायत, पैसा काही आला नाही. आला असता तर वर्ध्यातल्या या दोन खोल्यांत, स्लॅब तापली की पंख्यानंही गरम हवा फेकावी अशा वरच्या मजल्यावर, मी राहिले असते काय? खरं कारण मला ठाऊक आहे. या दिवसांत माझ्या हातांना माती आठवते. चाळलेली माती, तिच्यात गव्हाचं बारीक कुटार म्हणजे भुसा, थोडं शेण, आणि दोन दिवस मुरत पडलेला तो गोळा. मी चुली घालायचे. एका उन्हाळ्यात गावातल्या एकूण एक घरात मी चूल घातली, आणि त्या उन्हाळ्याचं मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही.

माझ्या माहेरचा, सेलूकडचा उन्हाळा होळीच्या दुसऱ्या दिवशी येतो. कालपर्यंत पहाटे अंगावर काहीतरी ओढून घ्यावंसं वाटत असतं, आणि आज अकरा वाजता अंगणातून अनवाणी जाता येत नाही. गहू सोंगून झालेला असतो. वावरं मोकळी. नाल्यात एखाददुसरं डबकं, त्यात म्हशी. टेकडीवर पळस फुललेला आणि मोहाच्या फुलांचा गोड, जरासा आंबूस वास सकाळी सकाळी गावापर्यंत उतरलेला. अजून कुठून तो वास आला की मी आधी एकोणीस वर्षांची होते आणि मग लगेच मला अपराध्यासारखं वाटायला लागतं. एका पाठोपाठ एक, न चुकता.

ती नव्वदीच्या मधली वर्षं. पाऊस बिघडतो आहे हे मी पहिल्यांदा ऐकलं ते बायकांच्या तोंडून, टेकडीच्या वाटेवर. माझ्या बाबांचं गावात किराण्याचं छोटं दुकान; सरपणाला जायची आमच्या घरी वेळ नव्हती, पण मैत्रिणींबरोबर मी उगाच जायची. बायका मोळ्या बांधता बांधता बोलायच्या. मृग कोरडा जातो. पाऊस येतो तो एकदम कोसळतो आणि मग तीन तीन आठवडे तोंड दाखवत नाही. थंडी म्हणावी तशी पडत नाही. आणि लाकूड दरवर्षी वर वर सरकत चाललंय. सासू नवी नवरी असताना जिथे मोळी व्हायची तिथून आता टेकडी सुरू होते. त्यांच्यातलं कुणी याला मोठं नाव देत नव्हतं. "बिघडलं आता सारं," एवढंच म्हणायच्या आणि मोळी डोक्यावर घ्यायच्या.

मोठं नाव मला वर्ध्याच्या शिबिरात मिळालं. दहा दिवसांचं शिबिर होतं, बिनधुराच्या चुलीचं. शिकवणाऱ्या ताईंनी फळ्यावर चूल काढली, चुलीपासून बाण काढून झाड काढलं, झाडापासून बाण काढून ढग काढला. चूल कमी लाकूड खाईल, टेकडी वाचेल, पाऊस धरून राहील. शिवाय बायकांचे डोळे आणि छाती सुधारेल ते वेगळंच. मला ते इतकं पटलं की रात्री झोप लागेना. कॉलेज अर्धवट सोडलेलं, लग्नाचं जमत नव्हतं, दुकानात साखरेच्या पुड्या बांधून कंटाळले होते; आणि इथे कुणीतरी सांगत होतं की ढग माझ्या हातात आहे. एसटीत चुलीचा लोखंडी साचा मांडीवर घेऊन मी गावी आले. कंडक्टरनं त्याचं तिकीट मागितलं तर त्यालाही मी झाड आणि ढग समजावून सांगितले. त्यानं तिकीट तरीही फाडलं.

पहिली चूल आमच्या घरी घातली. बाबा म्हणाले, "दुकानदाराची पोरगी चिखलात! आता बोर्ड लावतो, येथे चुली घालून मिळतील." आईनं मात्र पहिल्याच दिवशी पदर डोळ्यांना न लावता भाकरी केल्या, आणि संध्याकाळपर्यंत ही बातमी अर्ध्या गावात गेली.

मग दिवसच पुरेनात. सकाळी ऊन चढायच्या आत माती तुडवायची. पाच-सहा बायका साडी खोचून गोल उभ्या राहायच्या आणि हसत, एकमेकींच्या सासवांची नक्कल करत तुडवायच्या. साचा मांडायचा, माती ठोकून बसवायची, दोन भांड्यांची भोकं, मागून धुराची नळी, कवेलू सरकवून ती छपराबाहेर काढायची. नळीतून पहिला धूर आकाशात गेला की बाहेर उभी असलेली पोरं ओरडायची. मी कुणाकडून काही घेत नव्हते. चहा तेवढा प्यायची, दिवसाला दहा घरचा. आयुष्यात एवढी खूश मी पुन्हा कधी झाले नाही, हेही सांगून टाकते.

अन्सामायकडे मी पाडव्याच्या सुमाराला गेले. अनसूया तिचं खरं नाव, पण अख्खं गाव अन्सामायच म्हणे. नाल्याच्या काठी तिचं दीड एकर वावर. वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, कारली लावायची आणि सेलूच्या बाजारात स्वतः पाटी घेऊन बसायची. पण ती ओळखली जायची पोपटासाठी. बाहेरचे लोक त्याला वाल म्हणतात. आमच्याकडे शेंगांना पोपट म्हणतात, आणि थंडीत पोपटाची भाजी झाली नाही असं घर नसायचं. अन्सामायचा वेल जांभळ्या कडांच्या शेंगांचा. कुंपणावर चढवून दिला की मग त्याच्याकडे बघायचीही गरज नाही. मधे पावसानं ओढ दिली, दुसऱ्यांची झाडं माना टाकायला लागली, तरी तो नुसता दवावर तग धरायचा. ती बिजवाई, म्हणजे पेरायला राखलेलं बी, तिनं लग्नात माहेराहून पदराला बांधून आणली होती. गावात ज्यांच्याकडे म्हणून तो वेल होता त्यांच्याकडे तिच्याकडूनच गेलेला.

तिचं सैपाकघर मला अजून दिसतं. आत गेलं की आधी काही दिसायचंच नाही. मग हळूहळू काळं आढं दिसायचं, आणि त्याला टांगलेली गाठोडी. पोपटाच्या वाळल्या शेंगांच्या जुड्या, फडक्यात बांधलेलं कोहळ्याचं बी, अख्खं वाळलेलं दोडकं, सगळं काजळीनं काळं चकचकीत. चुलीच्या बरोबर वर. खाली तिची सून मंदा फुंकणीनं विस्तव फुंकत होती, आणि तिचं सहा-सात महिन्यांचं पोर पाठीवर खोकत होतं.

"हे काय करून राह्यली वो पोरी?" माझा साचा पाहून अन्सामायनं विचारलं.

"नवी चूल घालतो माय तुह्या घरी. घरात धूर नाई होत."

"मंग धूर कुठी जाते?"

"नळीनं वर. बाहेर."

ती आढ्याकडे बघत राहिली. "आन माह्या बिजवाईले काय भेटन?"

मी हसले. इतक्या मोठ्यानं हसले की मंदाही हसली. "बिजवाई काय धूर खाऊन जगते माय? डब्यात भरून ठेवजो. राख टाकजो वरतून."

"राखीनं वरचा किडा मरते. आतला नाई मरत," ती म्हणाली. तिनं हे भांडून सांगितलं नाही. बाजारात भाव सांगावा इतक्या साध्या आवाजात सांगितलं. दहा दिवसांच्या शिबिरात आतल्या किड्याचा विषय निघाला नव्हता, म्हणून माझ्या लेखी आतला किडा नव्हताच. मी तिला पोराचा खोकला दाखवला. मंदाचे लाल डोळे दाखवले. टेकडी दाखवली. फळ्यावरचे सगळे बाण बोलून दाखवले. अन्सामाय पोराकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "घाल बाई. लेकराचा जीव मोठा."

तिथंही मी थांबले नाही, हे मला नंतर फार लागलं. चूल झाल्यावर आम्ही आढं पुसलं. जळमटं काढली, भिंतींना चुना मारला, कारण पाहणीला वर्ध्याहून माणसं येणार होती आणि मला माझं गाव पांढरंशुभ्र दाखवायचं होतं. गाठोडी मी स्वतः उतरवली. फडकी धुऊन वाळत टाकली. बी पत्र्याच्या स्वच्छ डब्यात भरलं, वर राख पसरली, झाकण घट्ट लावलं आणि अन्सामायला म्हटलं, पाहा किती नीट दिसतं आता.

गावात मग एकच घर उरलं, कोंडबाजींचं. ते म्हातारे गृहस्थ गावाच्या टोकाला राहायचे, आणि त्यांच्या ओट्यावर मी तीनदा जाऊन आले. तिन्हीदा म्हणाले, "सारं गाव कर. माह्यं एक घर राहू दे." का, ते सांगेनात. मला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट. एक घर राहिलं तर गाव धूरमुक्त कसं म्हणायचं? चौथ्यांदा मी बाजाराचा दिवस पाहून गेले. ते सेलूला गेले होते. सुनेची हौस होतीच. संध्याकाळी ते परत आले तेव्हा जुनी चूल फुटलेली होती आणि नवी ओली होती. पाहणी झाली, नारळ फुटला, वेशीजवळ धूरमुक्त गावाची पाटी लागली. पाटीसमोर बायकांचा फोटो काढला, त्यात मी मधोमध उभी आहे. तो फोटो माझ्याकडे नाही. होता, मी फाडला.

त्या वर्षी मृग कोरडाच गेला. पाऊस आषाढात आला, एका रात्रीत नाला भरून. दुसऱ्या दिवशी सकाळी अन्सामायनं मला बोलावून घेतलं. मी गेले तेव्हा ती अंगणात बसली होती आणि पुढ्यात तो डबा होता. झाकण उघडं. तिनं मूठभर बी काढून माझ्या ओंजळीत ठेवलं. बियांना वजनच नव्हतं. प्रत्येकीला टाचणीच्या टोकाएवढं गोल भोक, आणि बोटानं दाबलं की पीठ. माझ्या मनगटावरून दोन बारके तपकिरी भुंगे चालत गेले.

मी म्हटलं, "माय, दुसऱ्या कोनाजोळ असन ना."

"चाल पाहू," ती म्हणाली.

आम्ही दोघी निघालो. पावसानंतरचा चिखल होता, ती काठी टेकत पुढे आणि मी मागे. ज्या ज्या घरी तिचं बी गेलं होतं त्या त्या घरी गेलो. बायका हौसेनं डबे काढायच्या. मीच सगळ्यांना डबे सांगितले होते. झाकण उघडायचं आणि आतून तोच कडवट, पिठासारखा वास यायचा. कुणाचं थोडं बरं दिसायचं, पाण्यात टाकलं की तरंगायचं. एका घरी गेलं असतं तर दुसऱ्या घरून आणलं असतं, असंच तर आजवर चालत आलेलं. एकीचं बुडलं की दुसरी देते. पण मी एकही घर सोडलं नव्हतं. प्रत्येक दारात मला माझंच काम दिसत होतं, नीट लिंपलेलं, सरळ नळीचं. अन्सामाय एकेका घराबाहेर पडताना नुसतं "चाल" म्हणत होती.

शेवटी कोंडबाजींचं घर. ते ओट्यावरच बसले होते. अन्सामायनं विचारायच्या आधीच त्यांनी मान हलवली. म्हणाले, "गेलं ना बाई. तुह्यंच बी होतं, म्हनून ठेवून होतो." मग माझ्याकडे पाहिलं. "मी म्हनलं होतं, एक घर राहू दे." आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मला रडू आलं आणि रडायचीही लाज वाटली, कारण त्या दोघांपैकी कुणी रडत नव्हतं.

अन्सामायनं बाजारातून दुसरं बी आणलं. वेल तरारून आला, पानं मोठी, हिरवीगार. श्रावणात पावसानं ओढ दिली, तीन आठवडे आकाश पांढरं, आणि तो वेल खालून वर वाळत गेला. पाणी घालायला विहिरीत पाणी नव्हतं. त्या थंडीत आमच्या गावात पोपटाची भाजी झाली नाही. झाली, पण ती विकतच्या शेंगांची. पुढच्या मोसमाला बाबांनी दुकानात बियांची रंगीत पाकिटं लावली, कारण लोक मागायला लागले होते. अन्सामाय आमच्या दुकानात पाकीट घ्यायला आली तेव्हा मी गल्ल्यामागे होते. पाकिटावरचं चित्र पाहून ती म्हणाली, "फोटो मस्त हाय." टोमणा होता की नाही, मला आजही सांगता येत नाही.

आणि टेकडी? चुलींनी लाकूड खरंच कमी खाल्लं. बायकांच्या फेऱ्या कमी झाल्या, दोन वर्षं टेकडीवर कोवळी झाडं दिसू लागली. मग एका थंडीत ट्रक आले. कुणी ठेका घेतला, कुणी दिला, आम्हाला कधी कळलं नाही. आमच्याच गावातली माणसं मजुरीनं कुऱ्हाडी घेऊन गेली, त्यांना तरी काय बोलायचं, त्या वर्षी वावरात काम नव्हतं. जे आम्ही काटकसरीनं राखलं ते महिनाभरात उतरून गेलं. म्हणजे बी गेलं ते टेकडीसाठी, आणि टेकडी गेली ती कशासाठी, याचा मला जाबही विचारता आला नाही. मंदाच्या पोराचा खोकला थांबला होता. त्या सगळ्यातलं तेवढं एक खरं राहिलं, आणि मी ते वर्षानुवर्षं ढालीसारखं समोर धरत आले. आता तेही जड होतं.

अन्सामाय त्यावरून मला कधी बोलली नाही. मी लग्न होऊन वर्ध्याला आले, माहेरी गेले की तिच्याकडे जायची, ती चहा द्यायची. "काऊन वो, वाळून गेली," असं काहीबाही म्हणायची. मी किती वेळा ठरवून गेले की आज माफी मागायची. तोंडापर्यंत यायचं. मग ती पावसाचं काढायची, किंवा मंदाच्या दुसऱ्या बाळंतपणाचं. एका जानेवारीत ती गेली. थंडी पडली नव्हती त्या जानेवारीत, हे मला लख्ख आठवतं, कारण तिच्या दहाव्याला आम्ही दुपारी सावली शोधत होतो.

गेल्या वर्षी होळीनंतर कारंज्याच्या पलीकडल्या एका गावातून निरोप आला. बायकांचा बचतगट होता, गॅस परवडत नव्हता, त्यांना बिनधुराच्या चुली हव्या होत्या. आधी नाही म्हणाले. मग वाटलं, निदान एवढं तरी करता येईल. एसटी हायवेवरच्या ढाब्यावर थांबली तेव्हा मागच्या बाजूला भट्टीसाठी रचलेले ओंडके दिसले, माणसापेक्षा उंच. बसल्या जागी मी मनात वाक्य पक्कं करत होते. इतक्या वर्षांत मला एक गोष्ट नक्की कळली होती, आणि ती सांगायला मी चालले होते. मला हलकं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

बायका जमल्या. तरण्या, हसऱ्या, माती भिजवून तयार. मी साचा खाली ठेवला आणि आधी सांगितलं, "एक आयका. साऱ्या घरी चुली घालू, पन एक घर राहू द्या. कोनाची तरी जुनी चूल तशीच धुराची ठेवा. गावाची बिजवाई तिथं टांगजा. नाई तं सारं बी किडते."

त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एक म्हणाली, "कायची बिजवाई, ताई?"

"घरची. पोपट, कोहळं, दोडके… जे असन ते."

"घरची बिजवाई कोन ठेवते आता?" तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "पुडी आनतो ना कारंज्याहून. दरसाली नवी."

मी कोपऱ्यात बसलेल्या म्हातारीकडे पाहिलं. "आजी, तुमच्याकडे?"

"होतं काईतरी," ती म्हणाली. "नाव नाई याद येत."

वर टिनाचं छप्पर होतं, नवं, चकचकीत. त्याला काही टांगलेलं नव्हतं. बायका माझ्याकडे पाहत थांबल्या होत्या, पुढे काय म्हणून. मी बांगड्या वर सारल्या आणि माती पाहायला घेतली. त्या दिवशी आम्ही चार चुली घातल्या. चारही चांगल्या झाल्या.